दहा इंच आणि एक खिडकी

मानवजातीचा सगळा इतिहास हा जागेसाठी झालेल्या धडपडीचा इतिहास आहे. राज्यं जागेसाठी उभी राहिली, जागेसाठी बुडाली, आणि माणूस शेवटी मागतो तीही साडेतीन हात जागाच.

माझ्या निवडक लेखांच्या प्रस्तावनेसाठी हे वाक्य मी लिहिलं, तेव्हा ते मला इतकं आवडलं की खुर्ची मागं सरकवून ते डोळे भरून पाहावं म्हटलं. पाहता येईना. पडद्यावर 'मानवजातीचा सगळा इति' एवढंच दिसत होतं. बाकीची मानवजात खाली कुठेतरी होती.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा लहान लॅपटॉप निघाले होते, दहा इंचांचे. लेकीनं बंगळूरहून तो पाठवला आणि फोनवर आईला म्हणाली, "बाबांना काय, चार ओळी तर लिहितात." तिचा अंदाज अचूक निघाला. अक्षर जरा मोठं केलं की चारच ओळी दिसत.

अक्षर मोठं करायची पाळी माझ्यामुळं आली नव्हती. ती नरूअण्णांमुळं आली.

नरहर आफळे, म्हणजे आमचे नरूअण्णा, मुद्रितशोधक. आमच्या तालुक्याच्या गावातून 'खुसपट' नावाचं एक साप्ताहिक निघायचं. त्यात मी एकतीस वर्षं लोकांच्या खोड्या काढल्या आणि अण्णांनी एकतीस वर्षं माझ्या चुका काढल्या. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. छापखान्याच्या मागच्या खोलीत, शाईच्या आणि ओल्या कागदाच्या वासात, ते पाटावर बसून प्रूफं वाचत. वाचायची पद्धत त्यांची स्वतःची. एका जुन्या लग्नपत्रिकेला ब्लेडनं आडवी चीर पाडून त्यांनी एक खिडकी केली होती, बरोबर एका ओळीएवढी. ती पत्रिका प्रुफावर ठेवायची आणि एकेक ओळ खाली सरकवत, मोठ्यानं, विरामचिन्हांसकट वाचायचं. "नगरपालिकेनं स्वल्पविराम आपल्या परंपरेनुसार स्वल्पविराम काहीही केलं नाही पूर्णविराम." शेजारची ओळ दिसली की माणूस पुढं धावतो, अर्थात रमतो आणि चूक निसटते, असं त्यांचं म्हणणं. माझे लेख वाचताना हसू नये म्हणूनही खिडकी बरी पडते, असं एकदा म्हणाले होते. त्याला मी आयुष्यातला मोठा पुरस्कार मानतो. दुसरा मिळालेला नाही.

साप्ताहिक बंद पडलं, छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि खटावकर नावाच्या प्रकाशकांना अचानक माझे लेख पुस्तकरूपानं काढावेसे वाटले. कात्रणांवरून सगळे लेख शैलानं, माझ्या बायकोनं, टाइप केले. ती विमा कचेरीतून निवृत्त झालेली; कचेरीत संगणक आले तेव्हा पहिल्या तुकडीत शिकलेली. आमच्या घरात तंत्रज्ञान तिच्याकडे, साहित्य माझ्याकडे आणि निर्णय तिच्याकडे, अशी वाटणी आहे.

"प्रूफं आमचा माणूस बघेल," खटावकर फोनवर म्हणाले.

"प्रूफं नरूअण्णा बघतील," मी म्हणालो.

"अहो, किती वय त्यांचं? चार दिवसांत फाइल हवी मला. समारंभाचा हॉल धरलाय."

"चार दिवसांत देतो."

"शुक्रवारी नाही आली, तर आमचा माणूस."

अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे एक बघतो. मग दुकान बंद. पण दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस, दिन्या. तुझं पहिलं प्रूफ मी बघितलंय. शेवटचंही मीच बघणार." आणि वर, "आणि कागदावर नको. तुझ्या त्या यंत्रावर अक्षर मोठं होतं ना? त्यावर वाचू."

मंगळवारी दुपारी अण्णांची सूनबाई त्यांना स्कूटरवरून दाराशी सोडून गेली. जाताना शैलाला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, गोड मात्र देऊ नका हं काही. साखरेनं आधीच पुष्कळ नेलंय त्यांचं." शैलानं लगेच साताऱ्याहून बहिणीनं पाठवलेला कंदी पेढ्यांचा पुडा टेबलावरून उचलला आणि कपाटाच्या डोक्यावर ठेवला.

अण्णा आले ते भिंतीकडेनं, सावकाश. मला एकच गोष्ट खटकली. पूर्वी ते आमच्याकडे यायचे ते वाटेतल्या पाट्यांच्या चुका मोजत. 'शुध्द शाकाहारी' काय, 'आर्शिवाद ज्वेलर्स' काय. चप्पल काढायच्या आत यादी सुरू. त्या दिवशी एकही चूक नाही. मला वाटलं, गाव सुधारलं.

मी लॅपटॉप समोर ठेवला. ते पुढं वाकले, मागं झाले, मान तिरकी केली.

"अक्षर वाढव."

वाढवलं.

"अजून."

तिथंच ते चार ओळींवर आलं.

"ही काय जागा झाली?" अण्णा म्हणाले. "चार ओळींत पान कसं कळायचं? पान बसलंय की नाही ते आधी दिसलं पाहिजे. मग ओळ. हे म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघितल्यासारखं."

शैला स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. तिनं पडद्याकडे असं बघितलं, जसं ती माझ्या कपाटाकडे बघते. "अहो, जागा आहे की. पसारा आहे नुसता. ही वरची पट्टी कशाला हवी? आणि तिच्याखालची?"

"त्यात बटणं आहेत."

"गेल्या सहा महिन्यांत किती दाबलीत?"

मी दाबलेलं एकमेव बटण चुकून दाबलं होतं. शैलानं दोन पट्ट्या घालवल्या. तीन ओळी वाढल्या.

"सात झाल्या, अण्णा," मी सांगितलं.

अण्णांनी पडद्याकडे मान तिरकी केली. "अजून हवी."

मग तिनं तळाची पट्टी लपवली. माउस नेला की वर यायची, नाहीतर दडी मारून बसायची. पानांच्या मधला पांढरा भाग गेला. समास गेले. मोजपट्टी गेली, मी तिला आयुष्यभर शोभेची समजत होतो. शेवटी वरच्या रांगेतली एक कळ दाबून तिनं खिडकीची चौकटसुद्धा उडवली आणि पडद्यावर मजकुराशिवाय काही उरलं नाही. अकरा ओळी! मला तर माळा साफ केल्यावर वाटतं तसं वाटलं.

"अजून," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आता घराची भिंत पाडावी लागेल," मी म्हणालो.

"मग पाड. जागा कमी पडतेय म्हणून वाचता येत नाही, एवढंच."

त्या दिवशी काही झालं नाही. अण्णा चहा पिऊन गेले. कपात बोट बुडवून चहा कुठवर आहे ते त्यांनी पाहिलं, तेही मला दिसलं. मी त्याचा अर्थ लावला, की चहा गरम आहे.

बुधवारी सकाळी शैलानं मला हाक मारली. "इकडे या. हे बघा." तिनं तीन कळा एकदम दाबल्या आणि पडद्यावरचा सगळा मजकूर काटकोनात आडवा झाला. मी ओरडलो. एकतीस वर्षांचं काम कुशीवर पडलं होतं.

"ओरडू नका. लॅपटॉप उचला आणि पुस्तकासारखा उभा करा."

मी तो उघडाच उचलून कडेवर उभा केला. आणि खरंच, पुस्तक झालं. डाव्या हाताला पडदा, उंच, अरुंद, छापील पानासारखा. उजव्या हाताला कळफलक, तोही उभा. पडत होता म्हणून दोन्ही बाजूंना लोणच्याच्या बरण्या लावल्या. अण्णांच्या त्या एवढाल्या अक्षरातसुद्धा एकवीस ओळी मावल्या. दहा इंचांतून याहून जास्त काढणं कुणाला शक्य नव्हतं.

दुपारी अण्णा आले. मी जवळजवळ नाचतच त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी हात लांब करून लॅपटॉपच्या दोन्ही कडा चाचपल्या, वरची धार, खालची धार, आणि बोटं तिथंच ठेवली.

"पान आहे हे," हळूच म्हणाले.

"आता बसलं की नाही?"

"बसलं."

"अजून जागा हवी?"

"नाही," ते म्हणाले. "आता जागेचं काही म्हणता येणार नाही."

आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ती जुनी लग्नपत्रिका काढली. शाईनं काळी पडलेली, कडा लोकरीसारख्या झालेल्या. ती पडद्यावर टेकवली. दोन दिवस, दोन माणसं आणि दोन बरण्या खर्चून मिळवलेल्या एकवीस ओळींपैकी वीस त्यांनी झाकून टाकल्या.

शैला माझ्याकडे बघत राहिली. मी शैलाकडे. "पहिला लेख नगराध्यक्षांच्या भाषणाचा," मी सांगितलं.

"नगराध्यक्ष आप्पासाहेब ढवळीकर," अण्णांनी वाचायला सुरुवात केली, "यांचं भाषण संपताच टाळ्यांचा कडकडाट झाला अर्धविराम तो भाषणाला नव्हता स्वल्पविराम संपण्याला होता पूर्णविराम."

आवाज तोच. मी डोळे मिटले. मागची खोली, पाट, यंत्राची धडधड, सगळं परत आलं. अण्णांच्या तोंडून माझं वाक्य ऐकणं म्हणजे इस्त्री करून आलेला आपलाच सदरा अंगात घालणं. दोन मिनिटं मी त्या सुखात होतो.

मग मी डोळे उघडले, कारण एक गोष्ट आठवली. ते वाक्य आता तिथं नव्हतं.

मी ते बदललं होतं. आप्पासाहेब वारले होते, पण त्यांचे चिरंजीव धैर्यशील आता गावातलं मोठं प्रस्थ होते. समारंभाचा हॉल म्हणजे त्यांचं मंगल कार्यालय, फुकट, शिवाय जेवण. खटावकरांनी मला फोनवर सुचवलं होतं, "जरा बघा, कुठं टोचत असेल तर." मी बघितलं होतं. शैला भाजी आणायला गेली की मी दोन बोटांनी बदल करायचो. पडद्यावर आता असं होतं: 'नगराध्यक्षांच्या भाषणाचं टाळ्यांच्या गजरात स्वागत झालं.'

मी अण्णांच्या पाठीमागं जाऊन वाकून पाहिलं. पत्रिकेची चीर होती छापखान्याच्या बारीक टाइपाएवढी. पडद्यावरचं अक्षर तिच्या चौपट. खिडकीतून अक्षरांची नुसती पोटं दिसत होती. वर शिरोरेघ नाही, खाली उकार नाही. त्या पोटांवरून जगातला कुठलाही माणूस काहीही वाचू शकला नसता.

अण्णा वाचत होते. "पाण्याच्या टाकीचं उद्घाटन यंदा तिसऱ्यांदा झालं पूर्णविराम. पाणी अजून एकदाही आलेलं नाही अर्धविराम त्याला बहुधा निमंत्रणपत्रिका पोचली नसावी पूर्णविराम."

पडद्यावर होतं: 'टाकीचं उद्घाटन झालं. पाणी लवकरच येईल अशी आशा आहे.'

पाट्यांच्या चुका, चहातलं बोट, तिरकी मान, 'जागा कमी पडतेय', सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. मी इतकी वर्षं लोकांच्या बारीकसारीक लकबी टिपून पोट भरलं, आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसत नाही हे मला दोन दिवस दिसलं नाही.

शैला चहा घेऊन दारात उभी होती. तिनं माझं तोंड बघितलं, मग पत्रिका बघितली, मग पडदा. तिनं कप ठेवला आणि माझ्या हाताला धरून मला कळफलकासमोर बसवलं.

आता दोनच रस्ते होते. एक, 'अण्णा, थांबा' म्हणायचं. म्हणजे शुक्रवारी खटावकरांचा माणूस. दुसरा, अण्णा बोलतील ते खाली लिहायचं. म्हणजे धैर्यशील, हॉल आणि जेवण गेलं.

मी लिहायला लागलो. कळफलक उभा असल्यामुळं शेजारच्याच्या दारावर टिचक्या मारल्यासारखं टाइप करावं लागत होतं. अण्णा पत्रिका एकेक ओळ खाली सरकवत होते. पानाच्या तळाशी पोचले की मी 'पान उलटलं' म्हणायचो आणि ते पुन्हा वर जायचे. नवा लेख आला की मी त्याचं नाव सांगायचो. जिथं मी काही बदललं नव्हतं तिथं मी गप्प बसायचो. जिथं बदललं होतं तिथं टकटक. बुधवार संपला, गुरुवार संपत आला. कुठंही ते अडखळले नाहीत. साधी टायपिंगची चूक त्यांना कळणं शक्य नव्हतं, ते काम शैलानं गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी उरकलं. पण माझी चूक मात्र त्यांनी एकही सोडली नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो. प्रकाशन नगर वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी झालं, वाचणाऱ्यांना न उठवता. सतरा माणसं होती, त्यातली सहा मूळचीच बसलेली. पुस्तकात आतल्या पानावर छापलं आहे: मुद्रितशोधन, न. वि. आफळे. अण्णा जाऊन आता पाच वर्षं झाली. ती पत्रिका माझ्या प्रतीत आहे, टाकीच्या पानात. लॅपटॉपही आहे. तो आम्ही परत आडवा केलाच नाही. बरण्या तेवढ्या बदलल्या.

पण त्या गुरुवारी संध्याकाळी यातलं काही ठाऊक नव्हतं. शेवटच्या लेखाचा शेवटचा पूर्णविराम उच्चारून अण्णांनी पत्रिका पडद्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली.

"संपलं," ते म्हणाले.

"संपलं."

"एकवीस."

"काय एकवीस?"

"टकटक. एकवीस वेळा झाली. मोजत होतो." त्यांनी मान तिरकी करून माझ्या दिशेनं वळवली. "शुद्धलेखनाच्या चुका असत्या तर तू वाद घातला असतास. एकतीस वर्षांत तू एक वेलांटी मुकाट्यानं दिली नाहीस मला. या खेपेला चकार शब्द नाही. म्हणजे चुका नव्हत्या. तू बदललं होतंस, आणि मी जुनं म्हणत होतो."

"अण्णा, कधीपासून?"

"होळीपासून. मधोमध काही नाही. कडेनं दिसतं. आत्ता तुझा कान दिसतोय. तोंड नाही. त्यात काही नुकसान नाही म्हणा."

"सांगायचं नाही का मला?"

"काय सांगायचं? मुद्रितशोधकाला दिसत नाही? आचारी सांगतो का पंगतीत, की मला चव कळत नाही म्हणून?" त्यांनी मांडीवरची पत्रिका उलटी केली. "आणि तू सांगितलंस मला, की आप्पासाहेबांच्या टाकीत तू पाणी भरलंस?"

मी एका बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं.

"पहिली टकटक झाली तेव्हा घाबरलो मी, दिन्या. म्हटलं, कळलं याला. आता थांबवणार, पाठीवर हात ठेवणार, गोड बोलणार. तू थांबवलं नाहीस. लिहीत गेलास. मग म्हटलं, चला. याला जोवर ऐकू येतंय तोवर आपलं दिसणं चालू आहे."

बाहेर कुणाची तरी स्कूटर वाजली, सूनबाईची नव्हती. मला वाटलं, आता बोललं पाहिजे. मैत्रीबद्दल, खऱ्या शब्दाबद्दल, माणसाला खरी किती जागा लागते याबद्दल. वाक्य तयार होतं. मानवजातीपासूनच सुरू होत होतं. मी घसा खाकरला.

अण्णांनी हात वर केला. "थांब. वहिनी कुठं आहेत?"

"मागं. कपडे काढतायत दोरीवरचे."

त्यांनी नाक जरासं वर उचललं, आणि मान बरोबर कपाटाच्या डोक्याकडे वळवली.

"मंगळवारपासून पेढ्यांचा वास येतोय," ते कुजबुजले. "अर्धा दे. मोठा अर्धा."